भाताच्या कणगीमागचा संगणक

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. रक्कम एक लाख चौदा हजार सहाशे रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, पिरंगुटचा संगणकविक्रेता आणि रिहे गावचा एक शेतकरी, ज्याच्या धाकट्या मुलाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. जागा आमच्या घराची पुढची खोली.

ही रक्कम आम्ही कुणाला देणं लागत नव्हतो, हे आधी सांगतो. विक्रेत्यानं ती एका कागदावर मांडून दिली होती. नवा संगणक बावन्न हजार. मराठी टायपिंगचा नवा प्रोग्रॅम साडेअठरा हजार. पानं लावण्याच्या प्रोग्रॅमची वर्गणी चोवीस हजार, आणि ती दरवर्षी. शिवाय जुन्या फाइली नव्या संगणकात वाचता याव्यात म्हणून फाइलमागे पंधरा रुपये, अशा एक हजार तीनशे चाळीस फाइलींचे वीस हजार शंभर. बेरीज बरोबर होती, मी दोनदा केली. चूक बेरजेत नव्हती.

माझी बायको डीटीपी करते. म्हणजे लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, हळदीकुंकवाची कार्डं आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तिन्ही पॅनेलची पत्रकं. बावीस वर्षं ती हे करतेय. पिरंगुट ते पौड आणि आत रिह्याच्या खोऱ्यापर्यंत फार कमी घरं असतील ज्यांचं एखादं लग्न तिच्या हातून गेलेलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्याला येते, तशी या वर्षी तिच्या संगणकाच्या मदरबोर्डलाही आली आणि दिवाळीनंतर तो सुरूच होईना. आतली डिस्क शाबूत होती. फाइली शाबूत होत्या. फक्त त्या उघडत नव्हत्या.

रिह्याच्या त्या शेतकऱ्याला, म्हणजे आमच्या दादांना, हवी होती ती पत्रिका त्या फाइलींत होती. खरं तर दोन पत्रिका होत्या, आणि हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच अडकलं होतं. इकडे नवी पत्रिका कोरी लिहीत नाहीत. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका घ्यायची, नवरानवरीची नावं बदलायची, मधल्या काळात गेलेल्यांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं आणि नव्या सुनांची नावं भरायची. बाकी निमंत्रकांचा क्रम तसाच राहतो. तो क्रम म्हणजे भावकीचा तह असतो. दादांच्या भावकीत वरची आळी आणि खालची आळी आहे. वरच्या आळीचे थोरले वयानं मोठे, खालच्या आळीचे थोरले शाखेनं मोठे. पहिलं नाव कुणाचं, यावर सहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या लग्नात चार संध्याकाळी बैठक झाली होती आणि मिटलं नव्हतं. शेवटी दादांनी माझ्या बायकोला विचारलं, आणि तिनं तोडगा काढला. चौसष्ट नावांच्या दोन पत्रिका केल्या, प्रत्येकीत वेगळा क्रम. साडेतीनशे वरच्या आळीत वाटल्या, तीनशे खालच्या. लग्नाला दोन्ही आळ्या आल्या, जेवल्या आणि फोटोत शेजारी उभ्या राहिल्या.

“त्यांना कळलं नाही का?” असं मी तेव्हा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “सगळ्यांना माहीत आहे हो. फक्त कुणी दोन पत्रिका शेजारी ठेवत नाही.”

दादांकडे त्या वेळची एकच पत्रिका उरली होती, खालच्या आळीची. वरच्या आळीत जाऊन जुनी पत्रिका मागायची म्हणजे न बोललेली गोष्ट बोलून दाखवायची. नवा क्रम लावायचा म्हणजे पुन्हा बैठक, आणि सहा वर्षांत एका बांधावरून आणखी वाजलेलं होतं. धाकट्याच्या लग्नाला अर्धी भावकी येणार की नाही, हे आमच्या त्या बंद डिस्कवर अवलंबून होतं. रविवारपर्यंत पत्रिका हातात हव्या होत्या.

दादांनी विक्रेत्याचा कागद उलटासुलटा करून पाहिला. वीस वर्षं आम्ही या तालुक्यात राहतोय, तरी ते मला अजून पावणंच म्हणतात.

“पावणं, येक इचारू? ह्या लाखभर रुपयांत माज्या पोराची पत्रिका निगल का?”

विक्रेता म्हणाला की फाइल कन्व्हर्ट होईल, पण अक्षरं आणि जागा इकडेतिकडे होऊ शकतात, त्याची गॅरंटी देता येणार नाही.

“मंग ह्ये पैसं कशाचं?”

विक्रेत्यानं बायकोकडे पाहून सांगितलं, “काकू, टेक्नॉलॉजी बदलते, त्याला आपण काय करणार?”

“बदलली कुणी?” मी विचारलं. “आम्ही तर बदलली नाही.”

तो गेला, कागद राहिला. तो कागद समोर ठेवून मी त्या दिवशी जो संतापलो, तो त्या मुलावर नव्हे. तो निरोप्या होता. संताप बत्तीस वर्षांचा होता.

मी एका कारखान्यात हिशेबनीस आहे. धाराशिवकडचा. शिक्षण संपल्यावर लातूरला अठराशे रुपये भरून संगणकाचा कोर्स केला तेव्हा डॉस शिकवत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि प्रत्येक कामाचा एक हुकूम पाठ करायचा. मी सगळे पाठ केले. प्रमाणपत्राची चौकट करून घेईपर्यंत जाहिराती यायला लागल्या की आता हुकूम पाठ करायची गरज नाही, चित्रावर बोट ठेवा. म्हणजे माझे अठराशे रुपये वाया. बरं, चांगली सोय आली, मी तक्रार केली नसती. पण पुण्याच्या पहिल्या नोकरीत काय पाहिलं? हिशेबखात्याच्या यंत्रावर युनिक्स नावाची प्रणाली, ड्रॉइंगखात्याच्या यंत्रांवर विंडोज. दोन्ही एकाच छपराखाली, मध्ये एक जिना. मालाचे आकडे त्यांच्याकडून आमच्याकडे यायचे ते कागदावर. ते घेऊन जिना चढायचा आणि पुन्हा टाइप करायचे, हे काम मला होतं. दोन लाखमोलाची यंत्रं एकमेकांशी बोलत नव्हती म्हणून पगारी माणूस त्यांचे निरोप वाहत होता. मासिकांत तेव्हा कोणती कंपनी कुणाला हरवणार यावर लेख यायचे, कुस्तीच्या बातम्यांसारखे. जिन्यावरच्या माणसाबद्दल कुणी लिहीत नव्हतं.

२००३ साली बायकोच्या कामासाठी साडेसत्तावीस हजारांचा संगणक घेतला. त्यात विंडोज घालून दिलेलं होतं, फुकट. मी त्याचं बिल मागितलं. दुकानदार हसला आणि म्हणाला, साहेब, सगळे असंच नेतात. मी चार हजार तीनशे रुपये भरून रीतसर घेतलं. त्या पैशात प्रिंटर आला असता, हे बायकोनं मला नंतर बऱ्याचदा ऐकवलं. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम नऊ हजारांचा, पानंही त्यातच लावायची. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढं एक कुलूप मिळालं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचं. ते नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही. ते हरवलं तर पुन्हा नऊ हजार. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा बायको ते काढून आंबेमोहोराच्या डब्यात ठेवते, दमट हवेनं बिघडू नये म्हणून. आमच्याकडे पाहुणे भात जेवले तर आधी डब्यातून कुलूप बाजूला निघतं.

मग तिला मोठी कामं मिळू लागली. लवासाच्या वाटेवर जमिनीचे दलाल वाढले तेव्हा तर रंगीत कार्डांची रीघ होती. पुण्याच्या मोठ्या छापखान्यात गेलो तर त्यांच्याकडे मॅक, म्हणजे तिसऱ्याच कंपनीचं यंत्र. आमच्या फाइली तिथे उघडल्या की वेलांट्या एकीकडे, मात्रा दुसरीकडे. तिथला माणूस म्हणायचा, तुमचं विंडोजचं आहे ना, मग असंच होणार. जणू आम्ही चुकीच्या जातीत जन्मलो. पान सरळ करून द्यायचे प्रत्येक वेळी तीनशे रुपये. ते तीनशे ना आमच्या कंपनीनं दिले ना त्यांच्या.

यातली शेवटची गोष्ट मला उशिरा कळली. आज फोनवर आपण मराठी लिहितो ती कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसते. आमच्या जुन्या प्रोग्रॅमची तशी नव्हती. आत साठायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. प्रोग्रॅम त्यांवर मराठी कपडे चढवून दाखवायचा. प्रोग्रॅम गेला की कपडे गेले. मी सवयीनं दर महिन्याला तिच्या कामाच्या प्रती काढत आलो, आधी सीडीवर, मग पेनड्राइव्हवर, मग इंटरनेटवर. सगळ्या सुखरूप आहेत. त्या सोमवारी प्रत्येक प्रत उघडून पाहिली. प्रत्येकीत तोच इंग्रजी कचरा.

“तुम्ही एकच कुलूपबंद पेटी तीन ठिकाणी जपून ठेवलीत,” बायको म्हणाली.

आमच्या कारखान्याचे हिशेब आठ वर्षं ठेवायचे आणि मागतील तेव्हा दाखवायचे, असा कायदा माझ्यावर आहे. वही दाखवली पण वाचता येत नाही, असं मी अधिकाऱ्याला सांगितलं तर तो मला सोडेल का? मग ज्यानं नऊ हजार घेऊन माझ्या बायकोचं काम स्वतःच्या कुलपात ठेवलं, त्याला हा कायदा का नाही? त्या प्रोग्रॅमच्या कंपनीला मी फोन केला. कंपनी दुसऱ्या कुणी घेतली होती. तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की ते जुनं कुलूप आता ‘सपोर्ट’मध्ये नाही. माझा स्वतःचा लॅपटॉप आठ वर्षं विनातक्रार चालतोय, त्यावरही महिनाभर तोच निरोप येतोय: हे विंडोज संपलं, पुढचं या यंत्रावर चालणार नाही. यंत्राला काय झालंय? काही नाही. जेवत्या माणसाला ताटावरून उठवल्यासारखं आहे हे.

बुधवारी संध्याकाळी दादा पुन्हा आले, एका मुलीला घेऊन. ती त्यांची भाडेकरू, अमरावतीची, हिंजवडीत नोकरीला. दादांनी जमीन थोडी विकली, राहिलेल्या जागेत सहा खोल्या बांधल्या. आता त्यांच्याकडे भात आणि भाडेकरू दोन्ही पिकतात, असं तेच म्हणतात.

“ही कंपूटरवाली हाय,” त्यांनी ओळख करून दिली. “भाडं टायमावर देती. हुशारच आसंल.”

मुलीनं माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी अर्ध्या तासात लिनक्स चढवलं, त्या जुन्या युनिक्सच्याच घराण्यातलं. त्याला पैसे पडत नाहीत, ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, आणि जुन्या यंत्राला ते हाकलत नाही, हे तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं की जणू माहेरची गोष्ट. मी विचारलं, मग सगळे हेच का वापरत नाहीत? ती म्हणाली, “काका, तेच तर आमचं भांडण आहे ना.” लॅपटॉप खरोखर पहिल्यापेक्षा हलका चालू लागला. मला थोडं बरं वाटलं, आणि चार हजार तीनशे आठवून लगेच वाईट वाटलं.

तिनं इंटरनेटवर कुणीतरी फुकट करून ठेवलेला अक्षरं बदलण्याचा प्रोग्रॅम शोधला आणि दादांची फाइल त्यातून काढली. इंग्रजी कचऱ्यातून मराठी नावं उमटू लागली तेव्हा आम्ही सगळे पुढे वाकलो. चौसष्टच्या चौसष्ट नावं आली. काही रफार चुकले होते, ते बायको सुधारू शकत होती. पण तिनं पडद्यावरून बोट फिरवलं आणि ती थांबली. पत्रिकेवर नावं तीन रकान्यांत, चौकटींत मांडलेली होती. बाहेर येताना सगळी एका ओळीत मिसळली होती. दादांच्या थोरल्या चुलत्यांच्या आधी नवऱ्याच्या मामाचा मुलगा.

“नावं आली,” बायको म्हणाली, “क्रम गेला.”

दादा खाली बसले. मुलगी म्हणाली की डेटा तर सगळा रिकव्हर झाला आहे. दादा तिला म्हणाले, “पोरी, नावं मला तोंडपाठ हायेत. माजीच मान्सं हायेत ती. कोन कुनाच्या वर, ह्येच पायजे.”

मग बायकोनं, आता उरलं काय ते सांगावं तसं, सांगितलं. प्रोग्रॅमची मूळ सीडी आहे, बिलासकट. कुलूप आहे, तांदळात. नाही ते एकच, कुलूप जिथे खोचायचं ती जागा. हल्लीच्या संगणकांना ती ठेवतच नाहीत. विक्रेता त्या जागेचं इंग्रजी नाव घेत होता, त्यामुळे दादांना सोमवारी काही कळलं नव्हतं. तिनं मेलेल्या संगणकाची पाठ त्यांच्याकडे फिरवून दाखवली. लांबट पट्टी, रंग गुलाबी, पंचवीस भोकं.

दादांनी वाकून पट्टीवर बोट ठेवलं. “आसली गुलाबी भोकं तर माज्या भाताच्या कनगीमागं हायेत.”

“काय?”

“येक भाडेकरू पळाला हुता. धा-बारा वर्सं झाली आसतील. दोन म्हैन्याचं भाडं बुडवून, कंपूटर टाकून. मी म्हनलं, आसू दे तारण. त्यो काय परत आला न्हाई.”

“दादा, हे सोमवारी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“त्यो पोरगा म्हनत हुता जुनं समदं कचरा. मला वाटलं, माजा बी कचराच आसंल.”

दुसऱ्या दिवशी रिह्यात जाऊन कणगीमागून तो बाहेर काढला. आत भाताचा कोंडा, पालीची अंडी आणि कोळ्याची जाळी. मुलीनं केस वाळवायचं यंत्र आणून तासभर सगळं साफ केलं. घरी आणून आमचा पडदा जोडला, बटण दाबलं, आणि जुनं विंडोज उघडलं. उघडलं आणि परवलीचा शब्द मागू लागलं. तो पळालेल्या माणसाबरोबर गेलेला. दादांनी एक शिवी सुचवली. बायकोनं ती टाइप करून पाहिली, चालली नाही. मग मुलीनं पेनड्राइव्हवरून तेच आपलं लिनक्स चालू केलं, आणि त्यातून विंडोजचा तो शब्द पुसून टाकला.

हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. बत्तीस वर्षं ज्यांची कुस्ती वाचली ते दोघे माझ्या पुढच्या खोलीत, कोंड्यानं भरलेल्या एका डब्यात, एकाच कामाला लागले होते, आणि त्यासाठी कुठल्याही मालकाची परवानगी लागली नाही. जमतं म्हणजे. न जमवण्याचेच पैसे घेतात.

सीडी चालली. बायकोनं डब्यातून कुलूप आणलं, पुसलं आणि गुलाबी पट्टीत खोचलं. फाइल उघडली. तीन रकाने, चौकटी, वर गणपती, खाली पुतण्यांची ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ ही ओळ. तिनं दुसरी फाइल शेजारी उघडली. वरची आळी आणि खालची आळी एकाच पडद्यावर पहिल्यांदाच शेजारी आल्या. दादांनी घाईनं दाराकडे पाहिलं.

मुलगी दोन्हींकडे बघून म्हणाली, “अहो, ही तर डुप्लिकेट आहे. एक डिलीट करू का?”

“हात लावू नगंस,” दादा आणि बायको एकदमच म्हणाले.

समजावून सांगितल्यावर ती हसत सुटली. म्हणाली, आमच्या ऑफिसात दोन सिस्टिमना एकच यादी दोन तऱ्हेनं दाखवायला आठ जणांची टीम आहे. दादांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते म्हणाले, “मान ठेवायचा म्हनलं की हुतंय. ठेवायचाच न्हाई तर कसं व्हनार?”

तीन नावांमागे कै. लागलं. त्यातलं एक दादांच्या थोरल्या चुलत्यांचं. ते लावताना दादा उठून अंगणात गेले. दोन सुना वाढल्या, एक नातू वाढला. चित्र करून फोनवर देऊ का, असं बायकोनं विचारलं. दादा म्हणाले, मोबाईलवर कुणालाच धाडायची न्हाई, हातात द्यायची. का, ते तिला सांगावं लागलं नाही. पत्रिका रविवारी दुपारी तयार झाल्या, दोन गठ्ठे, एकाला लाल दोरा आणि एकाला पिवळा.

तो संगणक आमच्याकडेच आहे. बायको रोज वीसेक जुन्या फाइली उघडते आणि कुठल्याही यंत्रावर जशाच्या तशा दिसतील अशी पानं करून ठेवते. नवं काम ती आता फोनसारख्या अक्षरांत माझ्या लॅपटॉपवर करते, कुलपाशिवाय. मला लॅपटॉप मिळत नाही, ती वेगळी गोष्ट. विक्रेत्याला मी फोन करून नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, दोन वर्षांनी तुम्ही याल. येईनही. पण तेव्हा बिलाबरोबर एक प्रश्न विचारीन, की याचं काम दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल ना, आणि उत्तर लेखी घेईन.

राहिला दादांचा हिशेब. संगणकाचे काय द्यायचे, असं विचारल्यावर ते आधी रागावले. ताईनं माझी भावकी राखली, तिच्याकडून पैसे घेऊ? मी म्हटलं, पत्रिकांचे पैसे तुम्ही पूर्ण दिलेत, मग वस्तूचे आम्ही का देऊ नयेत? ते म्हणाले, “आसं करा. त्या पळपुट्याचं भाडं राहिलंय, तेवढं द्या. जास्त येक रुपाया नगं.”

मुलीनं तिचं काही घेतलं नाही, जेवून गेली. दादांना मी रोख दिले बत्तीसशे रुपये, सोळाशेप्रमाणे दोन महिन्यांचे, त्यांच्या जुन्या भाडेकरूच्या थकलेल्या भाड्यापोटी. त्यांनी दोनदा मोजले आणि पावतीवर सही केली.